पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात स्त्री डॉक्टरांची मागणी का केली होती?

आजारपण अंगावर काढायचं, पण पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही. १९व्या शतकात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांमध्ये हा अलिखित नियम होता. बाळंतपण सुईणीच्या हाती आणि बाकीचं नशिबावर.

सप्टेंबर १८८२ मध्ये पुण्यात २४ वर्षांच्या एका तरुण विधवेनं हा प्रश्न थेट सरकारी आयोगापुढे मांडला. त्या होत्या पंडिता रमाबाई. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आधी पुण्यात, नंतर जवळच केडगावला निराधार स्त्रियांसाठी संस्था उभ्या केल्या.

स्त्रियांच्या आरोग्यासाठी एखादा धर्मसमुदाय काय करू शकतो आणि त्याला कुठे अडचणी येतात, हे दोन्ही समजून घ्यायचं तर रमाबाईंचं काम पाहावं लागतं.

हंटर आयोगापुढे काय झालं?

भारतातल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी इंग्रज सरकारनं १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. रमाबाई त्याच वर्षी पुण्यात आल्या होत्या. पती बिपिन बिहारी मेधवी यांचं काही महिन्यांपूर्वीच निधन झालं होतं आणि लहानगी मनोरमा सोबत होती. पुण्यात येताच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. शिक्षिका आणि शाळा तपासनीस म्हणून स्त्रिया हव्यात, हे त्यांनी सांगितलंच. पण त्यापुढे जाऊन त्यांनी मागितल्या स्त्री डॉक्टर. इथल्या स्त्रिया आपलं दुखणं पुरुषाला सांगत नाहीत आणि त्यामुळे त्यांना अकाली मरण येतं, असा त्यांचा मुद्दा होता.

म्हणजे दवाखाना असून भागत नाही, तिथे बाईला तोंड उघडता यायला हवं. ससून रुग्णालय पुण्यात १८६७ पासून होतं, पण संकोचाची भिंत इमारतीनं पडत नाही.

या साक्षीचे पडसाद इंग्लंडपर्यंत उमटले. १८८५ मध्ये भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी 'डफरिन फंड' सुरू झाला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता असं मानलं जातं. मिशनरी डॉक्टर एलिझाबेथ बीलबी यांनी पन्नाच्या महाराणीचा निरोप राणी व्हिक्टोरियापर्यंत पोहोचवला होता, तेही एक कारण होतं.

रमाबाई स्वतः डॉक्टर का झाल्या नाहीत?

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायच्या इराद्यानं. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचं काम पुण्यातही चालत होतं.

पण रमाबाईंना ऐकू कमी येत होतं आणि त्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच सुमारास त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकशास्त्र शिकत होत्या. उपचारांअभावी आपलं दहा दिवसांचं बाळ गमावल्यावर आनंदीबाईंनी हा ध्यास घेतला होता. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा समारंभाला रमाबाई हजर होत्या.

या दोघींनी धर्माबाबत वेगळे निर्णय घेतले. आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदू राहिल्या, रमाबाई ख्रिस्ती झाल्या. दोघींना दिसणारा प्रश्न मात्र एकच होता. आनंदीबाईंचं २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं निधन झालं. डॉक्टर म्हणून काम करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

शारदा सदन ते मुक्ती सदन

रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू केलं आणि १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या इथल्याच विद्यार्थिनी.

हे रुग्णालय नव्हतं. पण केशवपन, एकवेळचं जेवण, अखंड राबणं आणि सततची अवहेलना यांतून बाहेर पडलेल्या बाईला पोटभर अन्न, शिक्षण आणि बरोबरीच्या मैत्रिणी मिळणं, हीच तिच्या प्रकृतीची पहिली दुरुस्ती होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात या कामाचं स्वरूप बदललं. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गमावले होते. मध्य भारतात जाऊन त्यांनी उपासमारीनं खंगलेल्या जवळपास ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेग असल्यानं त्यांना शहरात ठेवता येईना. मग दौंडजवळच्या केडगावात त्यांनी घेतलेल्या जमिनीवर वस्ती उभी राहिली. तेच 'मुक्ती सदन'.

१९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांवर गेली. वृद्ध, अंध आणि समाजानं 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदनं झाली. शेती, विणकाम, छापखाना, रुग्णसेवा अशी कामं स्त्रियाच करत. आजारी बाईच्या उशाशी बाईच असायची.

प्लेगमध्ये सरकारला विचारलेला जाब

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्या हाताखाली सोल्जर घरांत शिरून तपासणी करत. संशयित रुग्णांना वेगळ्या छावण्यांत नेलं जाई. यात स्त्रियांची अब्रू आणि सुरक्षितता हा सगळ्यात जळजळीत प्रश्न होता.

मे १८९७ मध्ये रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे कसे हाल होतात हे मांडलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप फेटाळले. पण राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेली बाई त्याच राज्यकर्त्यांना स्त्री रुग्णांच्या वागणुकीबद्दल जाब विचारत होती, हे लक्षात घ्यायला हवं.

मग पुण्यानं त्यांना दूर का लोटलं?

त्या काळचं पुणं समजायला एक प्रसंग पुरेसा आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर गहजब झाला, प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. मिशनमधला चहा जिथे चालत नव्हता, तिथे मिशनच्या आश्रयाला लेक पाठवणं किती अवघड असेल?

शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असं सुरुवातीला ठरलं होतं. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वाद पेटला. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. रानडे आणि रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्ती सदन तर पुढे उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चाललं.

दोन्ही बाजूंना धरून पाहिलं तर पेच स्पष्ट होतो. ज्या श्रद्धेनं रमाबाईंना हे काम करण्याचं बळ दिलं, तिच्याच भीतीनं अनेक गरजू बायका त्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत.

या पेचातून वाट निघते का?

सुमारे ७० वर्षांनी, शेजारच्या नगर जिल्ह्यात एक वाट निघाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

त्यांची प्रेरणा ख्रिस्ती होती, पण गावात आरोग्य पोहोचवणारी बाई गावातलीच होती. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, मुलांचा आहार आणि लसीकरण हे सगळं त्या शिकल्या आणि आपापल्या गावात करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ नंतर देशभर दिसू लागलेल्या 'आशा' ताईंच्या कामामागेही हाच विचार आहे: बाईचं दुखणं ओळखीच्या बाईला आधी कळतं.

आज याचा अर्थ काय?

स्त्रीरोगतज्ज्ञ आज पुण्यात सहज भेटतात. तरी पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, स्तनातली गाठ किंवा मनाचा आजार याबद्दल बोलायला अनेक जणी आजही कचरतात.

चर्चची महिला मंडळी असो, भजनी मंडळ असो की बचत गट, दर आठवड्याला एकत्र येणाऱ्या बायकांमध्ये विश्वास आधीच तयार असतो. तिथे तपासणीची माहिती देणं, सोबतीनं दवाखान्यात जाणं, हे सोपं होतं. मात्र मदतीला धर्माची अट लागली की तोच विश्वास तुटतो, हे १८९३ चं पुणं सांगतं.

रमाबाईंचं ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात निधन झालं. त्यांची मुक्ती मिशन ही संस्था तिथे आजही सुरू आहे.