साहेबाच्या मुदपाकखान्यातून

कचेरीच्या कामानिमित्त आम्हांला एकदा आठवडाभर क्वालालंपूर येथे राहावे लागले. जुने, परंपरागत चिनी जेवण कोठे मिळेल, असे आम्ही तेथील एका गृहस्थांस विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता 'युत की' हे नाव सांगितले. 1928 साली निघालेले हे उपाहारगृह. जालान डांग वांगी या रस्त्यावरील मूळ जागा सोडून 2014 साली ते जवळच्याच जालान कामुंटिंगवर आले. बरीच गर्दी होती. एका अपरिचित कुटुंबाच्या शेजारी, संगमरवरी टेबलाच्या कडेला आम्हांला कशीबशी जागा मिळाली. पण पुढ्यात जे आले ते पाहून आम्ही चक्रावलो. भाजलेला पाव, अर्धवट उकडलेली अंडी आणि कोंबडीचा 'चॉप': पिठात घोळवून तळलेला, वर तपकिरी रस्सा, सोबत कांदा, वाटाणे व बटाटे. यात चीन तो कोठे? हा तर एखाद्या डाकबंगल्यातील वृद्ध खानसाम्याच्या हातचा पदार्थ! आमचा हा शेरा थट्टेचा होता; परंतु नंतर त्या लोकांचा इतिहास वाचला तेव्हा तो फारसा चुकलेला नव्हता असे दिसून आले.

ही मंडळी हैनान बेटावरची. चीनच्या दक्षिण टोकाशी असलेल्या या बेटावरील बंदर 1876 साली परदेशी व्यापारास खुले झाले आणि तेथील दरिद्री तरुण दक्षिण समुद्राकडे निघू लागले. मलायात त्यांना 'हैलाम' म्हणत. पण ते पोहोचले तेव्हा पंगत जवळजवळ उठली होती. व्यापाराच्या पेढ्या होक्कियन लोकांच्या हाती होत्या, कथलाच्या खाणींत हक्का व कॅंटोनी लोकांनी जम बसविला होता, मिरीच्या आणि गंबीरच्या मळ्यांत तेओच्यू होते. हैलामांची बोली या इतर चिन्यांनाही नीट कळत नसे. जातभाईंची पेढी नाही, ओळख नाही, भाषा नाही. मग उरले ते गोऱ्या साहेबाचे घर. तेथे, जहाजांवर आणि पलटणींच्या भोजनगृहांत ते आचारी व वाढपी म्हणून राहिले. साहेबाला रविवारी जे हवे ते त्यांनी शिकून घेतले. फक्त रश्श्यात वूस्टर सॉसच्या जोडीला सोयाबीनचे सॉस हळूच घातले. साहेबाच्या ते ध्यानात आले की नाही, कोण जाणे!

या नोकरीत धनी बदलला की बिऱ्हाड बदलावे लागे. बायका मुले दूर गावी. हैनानहून स्त्रिया या देशी फार उशिरा येऊ लागल्या. 1929 नंतरच्या मंदीत रबराचे भाव कोसळले, तशी मळेवाल्या साहेबांची घरेही आवरती झाली. पुढे 1942 ते 1945 जपानी अंमल आला, आणि 1957 साली मलाया स्वतंत्र झाल्यावर उरलेसुरले साहेबही हळूहळू गेले. पण आचाऱ्यांपैकी अनेकांनी त्यापूर्वीच, चार जणांची शिल्लक एकत्र करून, एखादा दुकानगाळा भाड्याने घेतला होता. अशा दुकानास 'कोपीटियाम' म्हणतात. 'कोपी' म्हणजे कॉफी, हा मलाय शब्द. 'टियाम' म्हणजे दुकान, हा होक्कियन. हैलामांच्या धंद्याचे नावसुद्धा असे उसनवारीचे आहे.

पावावर 'काया' नावाचा पाक लावून देतात. मलाय भाषेत 'काया' म्हणजे श्रीमंत. नारळाचे दूध, अंडी व साखर मंद आचेवर आटवून, आपल्या केवड्याच्याच जातीतील पांडान या वनस्पतीच्या पानाचा वास लावून तो करतात. साहेबाच्या मुरंब्याची जागा त्याने घेतली आणि, आमच्या मते, मुरंब्यास मागे टाकले. 'रोटी बाबी' हा तेथला प्रसिद्ध पदार्थ आम्ही खाल्ला नाही. त्यातील रोटी हा शब्द भारतातून गेलेला असला तरी बाबी म्हणजे डुक्कर, आणि तेथे आमचे घरचे संस्कार आडवे आले. कॉफीचे दाणे मात्र साखर व लोण्यासारखा स्निग्ध पदार्थ घालून काळेभोर होईतो भाजतात, मग कापडाच्या लांब पिशवीतून ती गाळतात. ताज्या दुधाऐवजी डब्यातील आटीव दूध. चव कडू, तरी जिभेवर रेंगाळणारी.

मुंबईच्या इराण्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. तोही उशिरा आलेला, त्याचीही संगमरवरी टेबले, त्याचाही पाव आणि अंडी. पण इराण्याने साहेबाच्या घरी भांडी घासलेली नव्हती, हा भेद विसरता कामा नये.

आम्ही कारकून माणसे. आमचे लक्ष नोंदीकडे जाते. मळ्यांचे, कंपन्यांचे आणि अधिकाऱ्यांचे तपशील त्या काळच्या कागदपत्रांत भरपूर आहेत. आचारी मात्र पन्नाशीचा झाला तरी साहेबाच्या तोंडी 'बॉय' किंवा 'कुकी'च. रश्श्यात सोयाबीनचे सॉस प्रथम कोणी घातले, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. आज त्याच पदार्थास नातवंडे आजोबांची परंपरा म्हणतात, आणि त्यासाठी रविवारी दारात रांग लावतात. आम्हांला प्रथम ते विसंगत वाटले होते. परंतु ज्यांना स्वतःचे असे काहीच हाती लागले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या चुलीवर रांधलेले आपले करून घेतले, तर त्यास उसने म्हणावयाचा अधिकार आम्हांस तरी नाही. बदलीच्या गावी तेथल्याच पिठाच्या पोळ्या लाटून आपली मुले वाढलीच ना?

निघण्यापूर्वी आम्ही दुसरी कॉफी मागविली. ती फार ऊन होती. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली कॉफी शांतपणे बशीत ओतली आणि फुंकर घालून पिऊ लागले. आम्हीही इकडेतिकडे पाहिले आणि बशी पुढे ओढली.