सोपाऱ्याचे दोन शिलाखंड

वसईच्या उत्तरेस भुईगावचा रेताड किनारा आहे. एका बाजूस सुरूची झाडे आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र. प्राचीनत्वाची खूण येथे सहजासहजी दृष्टीस पडत नाही. तथापि याच भुईगावात १९५६ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल एन. ए. गोरे यांना एक कोरीव शिलाखंड आढळला. त्यावरील ब्राह्मी अक्षरे सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखातील आहेत, असे निश्चित झाले. तत्पूर्वी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथून काही किलोमीटरवरील सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून तेथील स्तूप उजेडात आणला.

आज हे दोन्ही शिलाखंड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूपातील करंडक व बुद्धमूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत. वस्तू सुरक्षित झाल्या, ही गोष्ट समाधानाची होय. परंतु संग्रहालयात गेलेली वस्तू आपली भूमी मागे ठेवून येते. तिचा अर्थ पुरता लावावयाचा तर अभ्यासकास पुन्हा किनाऱ्यावर यावे लागते.

आठव्या लेखाचा विषय या दृष्टीने लक्षणीय आहे. पूर्वीचे राजे मृगयादी करमणुकीसाठी विहारयात्रेस निघत. अशोक मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेला आणि तेथून धर्मयात्रेचा प्रघात पडला, असे त्यात सांगितले आहे. श्रमणब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांस दान, जनपदातील लोकांची भेट व धर्मविषयक संभाषण ही या यात्रेची अंगे होत. नववा लेख आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींचा परामर्श घेतो आणि दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम व दान यांस खरे मंगल ठरवितो. प्रवासाच्या प्रारंभी मंगल करणारा वर्ग बंदरात नेहमीच असणार. तेव्हा ही वचने सोपाऱ्यास कोरली गेली, यात एक औचित्य दिसते.

बंदराच्या वैभवास अन्य साक्षीही आहेत. नाणेघाटातील पाण्याचे टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले आहे. कार्ले येथील एका स्तंभाचा दाताही सोपाऱ्याचाच. नाशिकच्या उषवदाताच्या लेखात हे नाव येते आणि ‘पेरिप्लस’चा ग्रीक कर्ताही ‘सुप्पारा’चा निर्देश करतो. घाटमाथा आणि समुद्र यांना जोडणारा मार्ग या उल्लेखांवरून स्पष्ट होतो.

ग्रामनाम हे स्वतःच एक साधन आहे. संस्कृत ‘शूर्पारक’, पाली ‘सुप्पारक’ आणि मराठी ‘सोपारा’ ही रूपे शेजारी ठेवली असता ‘र्प’चे समीकरण होऊन ‘प्प’ झाल्याचे दिसते. स्वरांमधला एकेरी ‘प’ मराठीत सामान्यतः ‘व’ होतो. ‘दीप’चे ‘दिवा’ झाले ते असेच. सोपाऱ्यात ‘प’ टिकला, तो जुन्या जोडाक्षराच्या बळावर. ‘घोटक’ शब्दापासून ‘घोडा’ झाला, तसाच येथील अंत्य ‘-अक’चा ‘आ’ झाला. म्हणजे शिलाखंड संग्रहालयात गेले, तरी एक प्राचीन अवशेष गावकऱ्यांच्या जिभेवर राहिलाच आहे.

तथापि मुख्य प्रश्न उरतोच. अशोकाचे प्रमुख शिलालेख चौदा आहेत. सोपाऱ्यास त्यांचा संपूर्ण संच असावा, असे अनुमान स्वाभाविक असले तरी हाती आले ते आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे, आणि तेही निरनिराळ्या गावी. कोरलेला दगड विहिरीच्या कठड्यात, तळ्याच्या पायरीत किंवा घराच्या जोत्यात जाणे आपल्याकडे नवे नाही. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. जुनी जोती व विहिरी नव्या वस्तीखाली झपाट्याने झाकल्या जात आहेत. म्हणून या भागात जाणाऱ्या विद्यार्थ्याने दगड पाहिला की त्याच्या मजकुराइतकीच त्याच्या जागेची नोंद करावी. मजकूर अन्यत्रच्या प्रतींवरून भरून काढता येतो. हरवलेली जागा भरून काढता येत नाही.