चोपडीतला वारसा

सन १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीस पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. भातशेतीच्या या मुलखास मुंबईची पेठ जवळ आली. गुजरात, कच्छ व मारवाडातून आलेली जैन कुटुंबे गावोगावी किराणा, कापड व धान्याच्या व्यापारात स्थिरावली. पोशीरसारख्या गावी दुकानात मराठी आणि घरात मातृभाषा रुजली. पावसाळ्यात उधारी, सुगीनंतर फेड. परक्या गावाशी जडलेल्या या विश्वासाची नोंद पूर्वजांच्या चोपडीत राहिली. मराठी शाळेत शिकून आज शहरात वा परदेशी निघालेल्या आपल्या तरुणांस मात्र ती गुजराती लिपी क्वचितच वाचता येते. घरात ज्येष्ठ आहेत तोवर त्यांच्याकडून ती वाचून घ्यावी. आपण कोठून आलो व कोणामुळे टिकलो, हे तिथेच उमगेल.