केसकरांचा धडा

तेजपूरच्या पोस्टिंगवर आम्ही तिघे दर्दी रोज सकाळी नाश्त्यानंतर मेसमध्ये एक राग ऐकतो. सुरुवातीला एका तरुण कॅप्टनलाही मी बळेच बसवलं. चार दिवसांत तो यायचा बंद झाला.

तेव्हा बा. वि. केसकर आठवले. १९५२ मध्ये ते नभोवाणीमंत्री झाले. त्याच वर्षी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ही मोठीच देणगी. पण त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

गंमत म्हणजे १९५२च्याच ‘बैजू बावरा’त अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर देसी गायले आहेत. परवा तेच लावलं. कॅप्टन दारात थांबला, मग खुर्ची ओढून बसला.

उद्या काय लावायचं, ते तो ठरवणार आहे.