मात केली, पण कशावर?

गेली काही वर्षं पत्रकारितेच्या मुलांचा एक तास मी घेतो. विषय - अपंगांबद्दल लिहायचं कसं. पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला, "सर, अपंग लिहायचं की दिव्यांग?"

मग मी फळ्यावर सनावळी मांडतो. १९१२ चा ल्युनसी अ‍ॅक्ट. त्यात माणूस 'ल्युनॅटिक', म्हणजे सरळ वेडाच. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो 'रुग्ण' झाला. (पंचाहत्तर वर्षं लागली!) १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. मधे, डिसेंबर २०१५ मध्ये, पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि तो सरकारी पाट्यांवर आला. अपंगांच्या अनेक संघटनांना तो तेव्हाच पटला नव्हता. दिव्यत्व नको, हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं.

पण खरी गडबड नामात नसते, क्रियापदात असते. हे मला कळलं ते फटका बसल्यावर.

१९९८ साली मी वार्ताहर होतो. एका अंध तरुणाला बँकेत नोकरी लागली. मी झोकात मथळा दिला, 'अंधत्वावर मात'. आत 'अंधत्वाने ग्रासलेला' वगैरे होतंच. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. शेजाऱ्याकडून बातमी वाचून घेतली होती.

"साहेब, अंधत्व आहे तिथेच आहे. मी परीक्षा पास झालो. लेखनिक मिळावा म्हणून चार महिने खेटे घातले, ते तुम्हाला सांगितलं होतं. ते कुठे गेलं?"

ते माझ्या वहीत होतं. जागा कमी पडली म्हणून मीच कापलं होतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-मालिकांमधल्या अपंगांच्या चित्रणावर निकाल दिला. 'ग्रस्त', 'पीडित' अशा अर्थाचे शब्द अपंगत्वाला त्या व्यक्तीचंच दुखणं ठरवतात, समाजाने उभे केलेले अडथळे त्यात दिसत नाहीत, असं त्यात म्हटलंय. वाचताना तो फोन आठवला.

असो. आता वर्गात मी ती जुनी बातमी, नाव काढून, मुलांना देतो. सोबत वहीतल्या नोंदी. पुन्हा लिहा म्हणतो. यंदा एका मुलीने मथळा दिला, 'लेखनिकासाठी चार महिने खेटे'.

मागून एक जण म्हणाला, "पण तो अंध आहे हे कुठंय यात?"

"तिसऱ्या वाक्यात," ती म्हणाली. "लेखनिक का लागतो ते सांगताना."