मोटारींतील खर्ज

रविवारची संध्याकाळ असावी, मीरा रोड किंवा भाईंदर येथील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चहाचे पेले नुकतेच मांडले असावेत, आणि खालच्या रस्त्यावरून एखादी मोटार जावी. गाण्याचे शब्द कानीं पडत नाहींत, चाल ओळखूं येत नाहीं. परंतु खिडकीची कांच थरथरते आणि बशींतील चमचा बारीक किणकिणतो. घरांतील वडील माणसाच्या कपाळास आठी पडते. त्याच घरांतील तरुण मुलगा मात्र तो नाद किती इंचांच्या स्पीकरचा असावा याचा अंदाज बांधीत असतो. एकाच नादाविषयीं एकाच घरांत इतका मतभेद कां व्हावा, हें समजून घ्यावयाचें तर या नादाचा इतिहास पाहिला पाहिजे. तो वाटतो त्याहून जुना आहे. आणि जितका तो यंत्रांचा आहे, तितकाच दुकानदार, कारागीर व गिऱ्हाईक या तिघांच्या व्यवहाराचा आहे.

गवई ज्यास खर्ज म्हणतात, त्या खालच्या अंगाच्या नादासाठींच 'सबवूफर' नांवाचा स्वतंत्र स्पीकर असतो. सेकंदास सुमारें वीस कंपनांपासून ऐंशी-शंभर कंपनांपर्यंतचा प्रांत त्याच्या वांट्यास येतो. तबल्याच्या जोडींत चाटीचे व शाईचे बोल उजव्याकडे आणि घुमारा डग्ग्याकडे, अशी जी वांटणी असते, तशीच ही वांटणी आहे. लहान तोंडाच्या तबल्याकडून डग्ग्याचें काम होत नाहीं, आणि दरवाज्यांतील लहान स्पीकरकडून सबवूफरचें होत नाहीं.

मोटारींत पहिल्यानें नाद शिरला तो मात्र खर्जाच्या हौसेनें नव्हे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल आणि जोसेफ गॅल्विन या बंधूंच्या कारखान्यानें इ. स. १९३० मध्यें मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ बाजारांत आणला व त्यास 'मोटोरोला' असें नांव दिलें. त्याची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती. त्या मंदीच्या दिवसांत ही रक्कम थोडी नव्हे. अडचण किमतीपुरतीच नव्हती. इंजिनांत उडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओंत खरखर होऊन उमटे. ती थोपविण्यासाठीं ठिकठिकाणीं वेगळे भाग जोडावे लागत, गाडीच्या पुढल्या फळीस भोकें पाडावीं लागत, आणि आकाशतारेसाठीं छपराचें अस्तर उसवावें लागे. घरचा रेडिओ आणला, भिंतीजवळ ठेवला, कीं काम झालें. मोटारीचा रेडिओ नुसता विकत घेऊन भागत नाहीं, तो बसवून घ्यावा लागतो. बसविणारा कारागीर या इतिहासांत पहिल्या दिवसापासून उभा आहे, तो याच कारणानें.

मुंबईचें नभोवाणी केंद्र ता. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्यानंतर कित्येक दशकें रेडिओ संच बाळगण्यास सरकारी परवाना लागे व त्याची फी टपालकचेरींत भरावी लागे. स्वातंत्र्यानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या. तीच गाडी पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर ओळखीची झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धांवली. या गाडींत गाणें हवें असेल तर मालक बहुधा दुकानाची वाट धरी. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा रेडिओचे सुटे भाग व ते जोडणारे हात यांचा बाजार म्हणून प्रसिद्धीस आला तो याच काळांत.

१९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५५ मध्यें पूर्णपणें ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत आला. काचेच्या नळ्या गेल्या, त्यांच्यासाठीं लागणारा चढा विद्युद्दाब गेला, यंत्र लहान व थंड झालें. १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली. हा बदल दिसण्यांत लहान, पण परिणामांत फार मोठा होता. तोंवर मोटारींतला माणूस केंद्र जें ऐकवील तें ऐके; विविध भारतीचा कार्यक्रम संपला कीं त्याचेंहि ऐकणें संपे. कॅसेट आल्यावर काय ऐकावयाचें, केव्हां आणि किती मोठ्यानें, हें तो स्वतः ठरवूं लागला. भारतांत १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटी अतिशय स्वस्त झाल्या. याच दशकांत, १९८३ च्या डिसेंबरांत, मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि रेडिओचा परवानाहि याच दशकांत इतिहासजमा झाला. श्रोता आतां आपल्या नादाचा धनी झाला.

याच सुमारास मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे, एक नवें शहर उभें राहत होतें. मीरा-भाईंदरचा प्रदेश हा मूळचा मिठागरांचा, भातशेतीचा आणि कोळीवाड्यांचा. १९८५ मध्यें येथें नगरपरिषद झाली आणि २००२ च्या फेब्रुवारींत महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मुंबईंत जागा न परवडणारीं कुटुंबें येथें आलीं; भाईंदर पूर्वेस पोलादी भांड्यांचे कारखाने वाढले; काशीमीऱ्याजवळून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग व घोडबंदरचा रस्ता यांवर वाहनांची रीघ लागली. जेथें मोटारी, तेथें त्यांस सजविणारीं दुकानें. इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यांत आसनांचीं आच्छादनें, दिवे आणि स्पीकर एकत्र मांडलेले असतात, व खरें काम मात्र गाळ्यासमोरच्या रस्त्यावर, गाडीचीं चारी दारें उघडून चालतें.

या दुकानांत जो व्यवहार चालतो त्याचें मूळ खर्जाच्या स्वभावांत आहे. नाद जितका खालचा, तितकी अधिक हवा हलवावी लागते. कंपनांची संख्या निम्मी केली तर तितकाच जोर टिकविण्यासाठीं स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर मागें-पुढें जावें लागतें. शिवाय पडदा पुढें सरतांना समोरची हवा दाबली जाते त्याच क्षणीं मागची विरळ होते. हे दोन्ही नाद एकत्र आले तर एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून मागचा नाद पेटींत कोंडावा लागतो. एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकानें १९५४ मध्यें हवाबंद पेटीचा स्पीकर पुढें आणून, कोंडलेली हवाच पडद्यास स्प्रिंगेसारखा आधार देते हें दाखविलें. पुढें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ मध्यें आणि रिचर्ड स्मॉल यांनीं १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत असें गणित मांडलें, कीं स्पीकरचे कांहीं मोजके गुणधर्म ठाऊक असले तर त्यास किती लिटरची पेटी लागेल, तीस नळी ठेवावी कीं नाहीं, ठेवल्यास किती लांब, हें करवत हातांत घेण्यापूर्वींच सांगतां येतें.

भाईंदरच्या गाळ्यांत दाबीव लाकडाच्या फळ्या कापणारा सुतार थील यांचें नांव कदाचित् जाणत नसेल. परंतु सांध्यांतून हवा निसटली तर खर्ज फुटतो, आणि एका स्पीकरसाठीं केलेली पेटी दुसऱ्यास मानवत नाहीं, हें त्याच्या हातांस ठाऊक असतें. गिऱ्हाइकास मात्र पेटी लहान हवी असते, कारण मागच्या डब्यांत सामान ठेवावयाचें असतें. पेटी लहान, नाद खोल आणि खर्च थोडा, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहींत. तिहींपैकीं कोणती सोडावयाची यावरच बहुतेक सौदे अडतात. मोटारीची बंद खोली मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूनें असते. चाळीस कंपनांच्या नादाची एक लाट सुमारें साडेआठ मीटर लांब भरते. ती गाडींत मावत नाहीं, म्हणून आंतली सगळी हवा एकदम दाबली व सोडली जाते, आणि दिवाणखान्यांत दुबळा वाटणारा स्पीकर गाडींत दमदार वाटतो.

दुसरी अडचण विजेची. चालत्या मोटारींत विद्युद्दाब सुमारें १४.४ व्होल्ट असतो. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरास शुद्ध स्वरूपांत सव्वीस वॅटांहून अधिक शक्ति देतां येत नाहीं, असें साधें गणित सांगतें. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. तो आधीं विद्युद्दाब चढवितो आणि मग नाद वाढवितो. त्यास बॅटरीपासून थेट जाड तार न्यावी लागते, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज घालावा लागतो. ही तार बारीक घेतली, किंवा पत्र्याच्या धारेवर घासूं दिली, तर गाडी पेटण्याचा धोका असतो. दोनशे रुपये वांचविण्याचा मोह येथेंच होतो. आणि खरा कारागीर ओळखावयाचा तोहि येथेंच. मूळ तारा तोडल्या तर गाडीच्या हमीचा वाद उद्भवतो, म्हणून जाणता कारागीर त्या न तोडतां मधला जोड घालतो.

आणि तिसरी अडचण आंकड्यांची. पाकिटावर हजार, दोन हजार वॅट असे आंकडे ठळक छापलेले असतात. क्षणभरच्या काल्पनिक शिखराचा हा आंकडा कसा मोजावा याचा कोणताहि सर्वमान्य नियम कधींच नव्हता. अमेरिकन सरकारनें १९७४ मध्यें वॅटांच्या जाहिरातीवर निर्बंध घातले, पण ते घरगुती यंत्रांपुरतेच. मोटार त्यांतून सुटली. मोटारीच्या ॲम्प्लिफायरसाठीं तेथील व्यावसायिकांच्या संघटनेनें २००३ मध्यें मोजणीची पद्धत ठरविली : १४.४ व्होल्ट, चार ओहम, आणि विकृति शेंकडा एकहून अधिक नाहीं. ती पाळणें ऐच्छिक राहिलें. परंतु फसवणुकीचा उतारा त्याच यंत्रावर असतो. वीस अँपियरचा फ्यूज असलेलें यंत्र बॅटरीकडून सतत तीनशे वॅटहि घेऊं शकत नाहीं. तें हजार वॅट देईल कोठून? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. म्हणून जाणता दुकानदार पाकिटाची पुढची बाजू दाखवीत नाहीं. यंत्र उलटें करून फ्यूज दाखवितो. असा दुकानदार एकदां भेटला कीं गिऱ्हाईक मीरा रोडहून नालासोपाऱ्यास राहावयास गेलें तरी त्याच्याकडेच परत येतें.

येथपर्यंतचा व्यवहार तिघांचा होता. परंतु मोटारीचें दार बंद झाल्यावर एक चवथा मनुष्य त्यांत ओढला जातो, आणि त्याला कोणी विचारलेलें नसतें. तो तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी. ता. १४ फेब्रुवारी २००० रोजीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. १८ जुलै २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें नकोसा आवाज ऐकण्याची सक्ति कोणावर करतां येत नाहीं, हें तत्त्व ठामपणें मांडलें.

तरीहि येथें आंकडा पुन्हां तोकडा पडतो. नियमांतील डेसिबेल ज्या पद्धतीनें मोजतात, तींत माणसाचा कान खालच्या नादास मंद असतो हें धरून खर्जास फार थोडें वजन दिलेलें आहे. सेकंदास पन्नास कंपनांचा नाद या मापांत सुमारें तीस डेसिबेलनें कमी भरतो. म्हणजे ऐंशीचा घुमारा यंत्रावर पन्नास दिसतो, आणि दिवसाच्या मर्यादेंत बसतो. उलट भिंती व कांचा उंच स्वर पुष्कळसे अडवितात, पण खर्ज त्यांतून पार होतो. गाण्यांतील शब्द, सूर, हरकती हें सारें मोटारवाल्याजवळ राहतें, आणि त्याचा केवळ धक्का शेजाऱ्याच्या वांट्यास येतो. त्यास जें ऐकूं येतें तें संगीत नसतें. म्हणून त्याच्या तक्रारीस रसिकतेचा अभाव म्हणणें अन्यायाचें आहे. त्याचप्रमाणें, आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या गर्दींत उभा राहून, पैसा पैसा जमवून आपल्या गाडींत चांगला खर्ज ऐकूं पाहणाऱ्या तरुणास उनाड ठरविणें हेंहि अन्यायाचेंच आहे.

पाकिटावरचा आंकडा फुगवून सांगतो. कायद्याचा आंकडा कमी सांगतो. दोन्हींच्या मध्यें कारागिराचा कान उरतो. जुन्या जाणत्या कारागिरांची एक रीत आहे. काम पुरें झालें, कीं ते गिऱ्हाइकास गाडींत बसवून दारें लावून घेतात आणि त्याच्या पसंतीचा आवाज लावावयास सांगतात. मग त्यासच बाहेर बोलावून दहा पावलें दूर उभें करतात. आंत गोड वाटलेलें गाणें तेथें केवळ धडधड होऊन पोहोंचतें. तें स्वतःच्या कानांनीं ऐकल्यावर पुष्कळ जण, कोणी न सांगतां, परत जाऊन खर्जाची कळ थोडी मागें फिरवितात.