चंद्रावरील खरे ठसे आणि बनावट छायाचित्रे

जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात अमेरिकेच्या सहा अपोलो मोहिमांतून बारा अंतराळवीर चंद्रावर उतरले. हा सारा बनाव होता, असे सांगणारे बिल केसिंग यांचे पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा संशय वारंवार डोके वर काढत आला आहे. ‘हे सारे नासाच सांगते, मग विश्वास कसा ठेवावा?’ हा त्या संशयाचा गाभा. त्याचे उत्तर भारतापाशीच आहे आणि त्यात इंदूरचाही लहानसा वाटा आहे.

२२ जुलै २०१९ रोजी निघालेल्या चांद्रयान-२ च्या परिभ्रमकावर सूर्याकडून येणारे क्ष-किरण मोजणारे एक उपकरण आहे. ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बांधले आणि त्याच्या अंशांकनासाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण वापरण्यात आले. हे उपकरण अपोलोविषयी काही सांगत नाही. परंतु भारतीय प्रयोगशाळांत घडलेल्या आणि पारखलेल्या या यानावरच एक अतिसूक्ष्मदर्शी कॅमेराही आहे. शंभर किलोमीटर उंचीवरून सुमारे २५ सेंटीमीटर आकाराचा तपशील तो टिपू शकतो. त्याने एप्रिल २०२१ मध्ये अपोलो ११ आणि अपोलो १२ यांच्या अवतरणस्थळांची छायाचित्रे घेतली. अंतराळवीर परतताना मागे ठेवून आलेले यानांचे खालचे भाग त्यांत दिसतात. हे छायाचित्र नासाचे नव्हे, इस्रोचे आहे.

दुसरा पुरावा दगडांचा. अपोलो मोहिमांनी सुमारे ३८२ किलो खडक व माती आणली. त्यांतील काही नमुन्यांचा अभ्यास देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व पुढे अहमदाबादेत केला. वातावरणाचे कवच नसल्याने चंद्रावरील खडकांवर वैश्विक किरणांचा मारा लक्षावधी वर्षे होत राहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा खनिजांत कोरल्या जातात. हा इतिहास कोणत्याही स्टुडिओत घडवता येत नाही.

छायाचित्रांवरील नेहमीच्या आक्षेपांचा उलगडा साधा आहे. आकाशात तारे दिसत नाहीत, कारण सर्व अवतरणे तेथील दिवसा झाली. उन्हाने उजळलेल्या जमिनीसाठी कॅमेऱ्याचे झाकण क्षणार्धच उघडते आणि तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी प्रज्ञानने टिपलेल्या विक्रमच्या छायाचित्रातही तारे नाहीत. ध्वज वाऱ्याने नव्हे, तर वरच्या कडेत घातलेल्या आडव्या दांडीमुळे पसरलेला दिसतो. सावल्या समांतर भासत नाहीत, याचे कारण उंचसखल भूमी आणि दृष्टीचा कोन.

मात्र अपप्रचार केवळ संशयातून जन्मत नाही, अभिमानातूनही जन्मतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरल्यानंतर प्रज्ञानच्या चाकांनी चंद्राच्या मातीत उमटवलेली राजमुद्रा म्हणून एक ठसठशीत चित्र घरोघरी पोहोचले. चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचे बोधचिन्ह कोरलेले होते, हे खरे. परंतु ते चित्र एका कलाकाराने संगणकावर तयार केले होते, इस्रोचे नव्हते. त्याआधी २०१९ मध्ये चांद्रयान-२ ने घेतलेली पृथ्वीची छायाचित्रे म्हणून भलतीच चित्रे फिरली. यानाने खरोखर टिपलेली छायाचित्रे इस्रोने त्यानंतर, ४ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध केली.

अशी चित्रे निरुपद्रवी मानणे योग्य नव्हे. आपल्या यशाचे बनावट चित्र आपण आनंदाने पुढे धाडतो, तेव्हा ‘सगळीच चित्रे खोटी’ म्हणणाऱ्याच्या हाती आपणच शस्त्र देतो.

खऱ्या छायाचित्राची ओळख अवघड नाही. ते कोणत्या यानाने, कोणत्या कॅमेऱ्याने, कधी आणि कोणत्या स्थळी घेतले, हे त्यासोबत नमूद असते. मूळ प्रत अवकाश संस्थेच्या संग्रहात असते आणि इतरांना पडताळता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळलेल्या विक्रमचा अवशेष चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी असाच शोधला. नासाच्या परिभ्रमकाची अपघातापूर्वीची व नंतरची खुली छायाचित्रे त्यांनी ताडून पाहिली आणि डिसेंबरमध्ये नासाने त्यांच्या शोधास दुजोरा दिला.

चांद्रयान-३ चे विक्रम उतरले, त्यानंतर चारच दिवसांनी, २७ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच अमेरिकी परिभ्रमकाने त्याचे छायाचित्र घेतले. म्हणजे अपोलोची साक्ष भारतीय कॅमेरा देतो आणि विक्रमची साक्ष अमेरिकी. यातील एक पुरावा मानून दुसरा नाकारण्यास तर्काचा आधार नाही.